आधी सत्कार, मग पेटंट

माझ्या आयुष्यात मी सर्वात जास्त काय लिहिलं असेल तर बातम्या. मी वार्ताहर नाही. नांदेडच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. बुरशी, जीवाणू, आंबवण हे माझे विषय. पण आमच्याकडे कार्यक्रम झाला की त्याची बातमी वार्ताहर लिहीत नाही, ज्याचा कार्यक्रम तोच लिहितो. वर फोटो, खाली 'डावीकडून' म्हणून नावं, आणि शेवटी 'कार्यक्रमास विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते' हे वाक्य. विद्यार्थी नसले तरी वाक्य असतंच. संध्याकाळच्या आत हे सगळं पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामासकट छापून येतं. मला हे काम झकास जमायचं. दुसऱ्या विभागांचे प्रमुखसुद्धा 'सर, तेवढी बातमी बघून द्या' म्हणत यायचे, आणि मी आधी कामाचा आव आणून मग बघून द्यायचो.

छापून आलेल्या बातमीचं पुढे कात्रण होतं. कात्रण ही आमच्या भागातली खरी कमाई. पदोन्नती असो, तपासणीसाठी आलेली समिती असो, फाईलला कात्रणं जोडली की तिला वजन येतं. शोधनिबंध कुणी उघडून बघत नाही. कात्रण मात्र मोठमोठे साहेब चष्मा चढवून वाचतात, निदान फोटोत आपण आहोत का एवढं तरी बघतात. माझी कात्रणं मी वर्षावार लावून ठेवली होती आणि त्याचा मला अभिमान होता. आता तो अभिमान आठवला की कानशिलं तापतात.

तर अशात वरून फतवा आला, की विद्यापीठांनी नुसतं शिकवू नये, उद्योजक घडवावेत. संशोधन प्रयोगशाळेत पडून राहतं, ते बाजारात गेलं पाहिजे. प्रत्येक विद्यापीठात स्टार्टअपसाठी केंद्र हवं आणि आसपासच्या उद्योगांशी भागीदारी हवी. आमच्याकडे केंद्राला खोली मिळाली ती जुन्या उत्तरपत्रिका ठेवायची. उत्तरपत्रिका हलवल्या, वाळवी राहिली. भिंतीला केशरी रंग दिला, बसायला गोल गोल गाद्या आणल्या, कारण बेंगळुरूच्या फोटोंत तशा होत्या. त्या गादीत एकदा बसलेला पन्नाशीचा प्राध्यापक दुसऱ्याच्या हाताशिवाय उठत नसे. केंद्राचा समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली. माझा उद्योगाशी काही संबंध होता म्हणून नव्हे. केंद्राच्या बातम्या चांगल्या यायला हव्या होत्या म्हणून.

पहिल्या वर्षी आमच्या केंद्रातून जे उद्योजक निघाले त्यांत शेणाच्या पणत्या करणारा एक होता. देगलूरची बस कधी येणार हे सांगणारं ॲप काढणारा एक होता. ते ॲप बंद पडलं, कारण बस कधी येणार हे डेपोतल्या माणसालाही माहीत नव्हतं. बाकी सगळा भर सामंजस्य करारांवर. आम्ही कुणाशीही सामंजस्य करायला तयार होतो. एका कराराला समोरच्या कंपनीचा माणूस आलाच नाही, तेव्हा आमच्याच वाणिज्य विभागातल्या एकाला टाय लावून फोटोत उभं केलं. लातूरच्या एका कोचिंग क्लासशीही करार झाला. त्यांचा नवोपक्रम काय, तर मुलगा वर्गात पोचला की बापाच्या मोबाईलवर घंटी वाजते. नांदेड आणि लातूर या दोन शहरांचं आयुक्तालयापासून रेल्वेपर्यंत कशात एकमत नाही. पण कागदावर आमची 'प्रादेशिक नवोपक्रम भागीदारी' जोरात चालली होती.

या सगळ्या खोटारडेपणात एक गोष्ट खरी निघाली. त्याला मी जबाबदार नव्हतो. माझी एक संशोधक विद्यार्थिनी होती, ती होती.

ती उमरी तालुक्यातली. घरी तुरीचं पीक. रोज सकाळच्या गाडीनं नांदेडला यायची आणि प्रयोगशाळेचं कुलूप शिपायाच्या आधी उघडायची. तुरीची डाळ करताना सगळ्यात मोठी कटकट असते टरफलाची. ते दाण्याला घट्ट धरून बसतं. म्हणून डाळ मिलवाले तुरीला तेल चोळतात, ढीग लावून ठेवतात, मग गच्चीवर उन्हात वाळवतात, परत पाणी मारतात. यात दिवस जातात, तेल जातं, आभाळ आलं तर माल अडकतो, आणि इतकं करून बरीच डाळ तुटून तिची चुरी होते. या मुलीनं करडईची पेंड पाण्यात आंबवली आणि त्या पाण्यात तूर ठरावीक वेळ भिजवून वाळवली. टरफल बोटानं चोळलं तरी सुटायला लागलं. तेल लागेना, गच्चीवरचे दिवस वाचले, डाळ अख्खी निघाली. पेंड किती, पाणी किती, तास किती, हे ठरवायला तिला चार वर्षं लागली. ते प्रमाण मी इथे लिहीत नाही. अक्कल आली, पण उशिरा.

पद्धत इतकी साधी होती, हेच तिचं मोल आणि हाच तिचा धोका. यंत्र लागत नव्हतं. प्रमाण कळलं की कुणीही करू शकलं असतं. म्हणून तिनं ते फक्त आपल्या प्रयोगवहीत लिहिलं होतं. वही माझ्या कपाटात असायची, मार्गदर्शक म्हणून.

आमच्याकडे पीएच.डी. झालेल्या मुलामुलींची वाट ठरलेली असते. एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, म्हणजे जितके तास तितकाच मोबदला, सुट्टी लागली की घरी. पुढे कायम होऊ या आशेवर केस पांढरे होतात. तिच्या मोठ्या बहिणीचे त्यातच झाले होते. एकदा मी तिला सहज विचारलं, पुढे काय. तिनं सुरीनं कापल्यासारखं उत्तर दिलं.

"तासिकेवर नाही जायचं सर मला. माझी सोताची मिल टाकायचीय."

मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. मग लाज वाटली, आणि त्या भरात मी पहिल्यांदाच समन्वयक म्हणून काहीतरी उपयोगाचं केलं. तिला घेऊन लातूरला गेलो, एका डाळ मिलवाल्याकडे. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, आणि डोळे असे की पोत्याकडे बघूनच तूर कुठल्या शिवारातली ते सांगतील. आमच्याशी करार केलेल्यांत हा एकच माणूस करार वाचून सही करणारा निघाला होता. तिनं बरोबर आणलेली डाळ त्यांनी तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, एक फाक दाताखाली धरली. मग तिला बसायला खुर्ची दिली. मला आधीच दिली होती, पण तिला देताना स्वतः उठले.

त्यांनी तिला सगळं विचारलं, फक्त प्रमाण सोडून. ते विचारायचं नसतं हे त्या व्यापाऱ्याला कळत होतं. शेवटी म्हणाले, "मागं शेड रिकामं हाय. यंत्रं मी टाकतो, डोकं तुझं. निम्मी भागीदारी. पण आधी तुझ्या नावचा हक्काचा कागद आण. कागद न्हाई आला तर उद्या बाजूचा पण करील अन् मी पण करीन. मग तुला भागीदारी कशाची देऊ?"

परत येताना आम्ही एसटी धरली. अहमदपूर गेल्यावर तिनं वहीच्या मागच्या पानावर शेडचा नकाशा काढायला घेतला. हौद कुठे, वाळवण कुठे, पोती कुठे. बस हादरली की रेघ वाकडी व्हायची आणि ती खोडून परत काढायची. मी खिडकीतून बाहेर बघतोय असं दाखवत होतो.

हक्काचा कागद म्हणजे पेटंट. त्यासाठी पुण्याच्या वकिलांमार्फत अर्ज करायचा, आणि तो विद्यापीठानं पाठवायचा, म्हणजे फाईल चढवायची. इथे घोडं पेंड खायला लागलं. फाईलला बौद्धिक संपदा समितीची मंजुरी हवी. समितीची बैठक व्हायला पुरेसे सदस्य हवेत. एक सदस्य परीक्षेच्या भरारी पथकावर, दुसऱ्यांकडे युवक महोत्सवाची जेवणं. फाईल एका टेबलावरून उठे आणि शेजारच्या टेबलावर जाऊन आडवी होई. असे बरेच महिने गेले. ती दर सोमवारी विचारायची, मी दर सोमवारी 'झालंच' म्हणायचो.

तेवढ्यात शोधाची कुणकुण कुलगुरूंना लागली. ते खरंच खूश झाले. आमच्या विद्यापीठातली मुलगी, ग्रामीण भागातली, शेतकऱ्याच्या घरातली, आणि संशोधन थेट लातूरच्या बाजाराला उपयोगी. त्यांनी लगेच सत्कार जाहीर केला. सत्काराला कुठल्याही समितीची मंजुरी लागत नाही. शाल-श्रीफळाचा ठेकेदार कायमचा नेमलेला असतो. फाईलला जे कित्येक महिने जमलं नाही ते सत्काराला दोन दिवसांत जमलं.

ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली. "सर, अर्ज जाऊ द्यायचा होता आधी. मग सत्कार ठेवला तर?"

मी तिला समजावलं. कुलगुरू स्वतः सत्कार करतायत, नाही म्हटलं तर फाईल कायमची बसेल. शिवाय सत्कारात काय बिघडतं? तिनं मान हलवली. मार्गदर्शकानं समजावलं की आमच्याकडे विद्यार्थी मान हलवतात; पटलं असा त्याचा अर्थ काढायचा नसतो, हे मला पंचवीस वर्षं शिकवूनही कळलेलं नव्हतं.

सत्कार दणक्यात झाला. सभागृह भरावं म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आणली होती. मागच्या ओळींत सुरक्षारक्षकांना साध्या कपड्यांत बसवलं होतं. ती उत्तरादाखल तीन मिनिटं बोलली. आई-वडिलांचे आभार, माझे आभार, तुरीचं टरफल काढायची सोपी पद्धत शोधली इतकंच. प्रमाण नाही, पेंडीचं नाव नाही. तिला बरोबर कळत होतं कुठे थांबायचं.

मला नाही कळलं. बातमी मीच लिहिणार होतो. दुपारी एका वार्ताहराचा फोन आला, की सर, नुसतं 'क्रांतिकारी संशोधन' लिहू नका, नेमकं केलं काय तेही लिहा, शेतकरी वाचतात. हे ऐकून मी फुगलो. वर्तमानपत्रांत विज्ञानाच्या बातम्या पोकळ असतात, अशी तक्रार मी जन्मभर केली होती. आज माझ्या हातात खरा शोध होता आणि माझी लेखणी चालत होती. तपशील चुकू नये म्हणून कपाटातून तिची वही काढली, उघडी ठेवली, आणि सगळं लिहिलं. पेंड कशाची, किलोला पाणी किती, किती तास आंबवायची, तूर किती वेळ बुडवायची. सोप्या, ओघवत्या मराठीत. शेवटी विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते. वाचून बघितलं आणि माझं मलाच बरं वाटलं. आजवरची माझी सगळ्यात चांगली बातमी ती.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या आवृत्त्यांत आली. लातूर आवृत्तीत तर चौकट करून.

सकाळी मी विभागात पोचलो तेव्हा ती पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी उभी होती. एवढंच म्हणाली, "प्रमाण छापलंय सर."

आणि मी, पंचावन्न वर्षांचा माणूस, म्हणालो की हे वार्ताहर असेच, कुठून काय काढतील सांगता येत नाही. कुणाला तरी गाठून विचारलं असेल. मी बोलतो त्याच्याशी, असंही म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं, पेपरची घडी घातली आणि प्रयोगशाळेत गेली. त्या वार्ताहराला मी पुढे दोन वेळा चहा पाजला, पण त्याच्याशी बोललो काहीच नाही.

हक्क जाईल हे मात्र तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं. मला वाटलं, चार लोकांना कळलं, कळू दे. कागद तिच्या नावचा येणारच. उलट फाईलचं भाग्य उघडलं. मी सवयीनं सगळी कात्रणं फाईलला जोडली, मूळ आणि रंगीत झेरॉक्स दोन्ही. कात्रणं बघताच समितीची बैठक भरली, कुलसचिवांनी उभ्या-उभ्या मंजुरी दिली, आणि आठवड्याच्या आत फाईल पुण्याला पोचली.

वकीलबाई पडद्यावर आल्या त्या दिवशी बैठकीच्या खोलीत कुलसचिव, मी आणि ती असे तिघं होतो. बाईंनी आधी कौतुक केलं, की विद्यापीठांच्या फायली इतक्या टापटीप नसतात. कुलसचिवांनी माझ्याकडे समाधानानं पाहिलं. मग बाईंनी विचारलं, शेवटी हे काय जोडलंय. कुलसचिव म्हणाले, कात्रणं आहेत मॅडम, सगळ्या मोठ्या पेपरांची.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग त्यांनी शाळेतल्या मुलांना सांगावं तसं सांगितलं. अर्ज दाखल व्हायच्या आधी जी गोष्ट छापून जगजाहीर झाली ती कायद्याच्या दृष्टीनं नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर तिच्यावर हक्क मिळत नाही. "अर्ज नाकारण्यासाठी पेटंट कार्यालयाला जो पुरावा शोधत बसावं लागलं असतं," त्या म्हणाल्या, "तो तुम्ही स्वतःच जोडून पाठवलाय."

कुलसचिव अनुभवी माणूस. म्हणाले, मग कात्रणं काढून टाकू. बाई म्हणाल्या, फाईलमधून काढाल, लोकांच्या घराघरांतून कशी काढणार? मग आम्ही पळवाट विचारली. विद्वानांच्या सभेत वाचलेल्या निबंधाला कायद्यात थोडी सवलत आहे, असं त्या म्हणाल्या. कुलसचिवांनी आशेनं माझ्याकडे बघितलं, की आपल्या सत्काराला विद्वान कोण होते. मला सुरक्षारक्षकांच्या ओळी आठवल्या. सभा गेली खड्ड्यात, वर्तमानपत्राला ती सवलत मुळात लागूच नव्हती.

ती खुर्चीवरून पुढे सरकली. तिनं विचारलं, "मॅडम, मग आता ही पद्धत कुणाची?"

"आता कुणाचीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे सगळ्यांची."

आम्ही आप्पांकडे गेलो ते सांगायला. सांगायची गरज नव्हती. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागलो तसा रिक्षात आंबलेल्या पेंडीचा वास आला. एका मिलच्या अंगणात निळी पिंपं, दुसरीच्या अंगणात निळी पिंपं. आप्पांच्या मागच्या शेडमध्येही होती. ते आम्हाला बघून उठले आणि त्यांनी चहा सांगितला.

"राग धरू नका सर," ते म्हणाले. "पेपर आला अन् मी चार दिस थांबलो. बाजूचे थांबले न्हाईत. गिऱ्हाईक त्यांच्याकडं जाऊन राहिलं तर मी किती दम धरू?" मग तिच्याकडे वळले. "भागीदारीचं आता काय राहिलं बाळ. पगारावर ये. मानानं ठेवीन."

ती उठून शेडमध्ये गेली, पिंपाचं झाकण उचललं, पाण्यात बोट बुडवून वास घेतला. तिथल्या मुकादमाला तिनं सांगितलं की हे जास्त आंबलंय, इतकं ठेवलं तर डाळीचा रंग काळपट येतो. किती ठेवायचं तेही सांगितलं. मुकादमानं तिला सांगितलं की ताई, आम्हाला नका शिकवू, आम्ही पेपरात वाचून करून राहिलो. आप्पा त्याच्यावर खेकसले. मला त्या पिंपाच्या मागे लपावंसं वाटलं. आपल्या हातून गेलेली गोष्ट दुसऱ्याकडे बिघडू नये म्हणून ती फुकट दुरुस्त करून देत होती, आणि ज्यानं ती घालवली तो मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

पुढे तिनं प्रबंध पूर्ण केला, मी मार्गदर्शक म्हणून सही केली, तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक करून विचारलं, की इतक्या उपयुक्त शोधाचं पेटंट का नाही घेतलं. ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, प्रक्रिया सुरू आहे. आप्पांकडे ती गेली नाही. ज्या शेडचा नकाशा आपण काढला होता तिथे हजेरी लावायला पाय वळत नाही, असं तिच्या बहिणीनं मला नंतर सांगितलं. औशाच्या एका कॉलेजात जागा निघाली. तासिका तत्त्वावर.

विद्यापीठाचं मात्र नुकसान झालं नाही. वार्षिक अहवालात 'किती उद्योगांना तंत्रज्ञान हस्तांतरित केले' असा एक रकाना असतो. तो आजवर आम्ही आडवी रेघ मारून पाठवत होतो. या वेळी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की लातूरचे मिलवाले आपलीच पद्धत वापरतायत. रकाना भरला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. संशोधन प्रयोगशाळेतून बाजारात इतक्या वेगानं गेल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं, आणि ते खरंच होतं. एका रात्रीत गेलं होतं. मग लातूरला मोठा कार्यक्रम ठरला. नवोपक्रमशील उद्योजक म्हणून मिलमालकांचा सत्कार. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते लिहिलं. नाही म्हणायला मला अजूनही येत नव्हतं.

तिला निमंत्रण होतं, बाकी निमंत्रितांसारखं. ती तिसऱ्या ओळीत औशाच्या दोन सहकाऱ्यांबरोबर बसली होती. मिलमालक एकेक करून वर जात होते, शाल घेत होते, फोटोला थांबत होते. आप्पांनी शाल घेतली आणि ध्वनिवर्धकाकडे गेले. म्हणाले, "शोध ह्या पोरीचा हाय. शाल मला कामून देता?" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. आप्पांचा मोठेपणा म्हणून वाजवल्या. निवेदकानं त्यांचे आभार मानून पुढचं नाव पुकारलं.

जेवणाच्या रांगेत आमच्या केंद्रातला एक तरुण प्राध्यापक माझ्याजवळ आला, बातमी तुम्हीच लिहा म्हणाला. मी त्याला तू लिही म्हणालो आणि बाहेर पडलो. ती औशाची बस धरायला निघाली होती. मी तिच्याबरोबर चालत बसस्टँडपर्यंत गेलो. ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होती, औशाच्या मुलांचं सांगत होती, की हुशार आहेत, पण प्रयोगशाळेत पाणी येत नाही. मी हो हो म्हणत होतो. फलाटावर बस लागलेली दिसली तेव्हा आता नाही तर कधीच नाही असं वाटलं, आणि मी एकदम बोलून टाकलं, की ती बातमी वार्ताहरानं लिहिलेली नव्हती. मी लिहिली होती. तिची वही समोर उघडी ठेवून.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माहीत हाय सर. त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. वही तुमच्याच कपाटात होती ना."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

ती रागावली नव्हती. मी तिला पहिल्या वर्षी काही विचारलं की ती जसं सरळ उत्तर द्यायची, तसंच तिनं दिलं.

"प्रबंधावर तुमची सही व्हायची होती, सर."

मग वाकून माझ्या पाया पडली, कारण आमच्याकडे निघताना पडतात, आणि बसमध्ये चढली.